दौऱ्यावर निघालेली गाणी : कलापथकांची वाट आणि खान्देश

पांझरा नदीच्या उत्तर काठावर वसलेले देवपूर हा धुळे शहराचा शाळा-महाविद्यालयांचा भाग म्हणून ओळखला जातो. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनांचे दिवस आले की येथे समूहगीतांच्या तालमी सुरू होतात. पंधरा-वीस मुले-मुली ओळीने उभी राहतात, पेटी आणि ढोलकीची साथ मिळते, चार-पाच मिनिटांत गीत संपते आणि परीक्षक गुण देतात. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत हेच दृश्य दिसते. मात्र तरुणांनी एकत्र उभे राहून गाण्याचा हा प्रकार महाराष्ट्रात रुजला तो स्पर्धेमुळे नव्हे. तो रुजला दौऱ्यांमुळे. पेट्या, ढोलक्या आणि वळकट्या घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कलापथकांनी समूहगीत हा शब्द घराघरांत नेला, आणि या इतिहासात खान्देशाचा वाटा बराच मोठा आहे.

कलापथक म्हणजे नेमके काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. पाश्चात्त्य देशांत ज्याला कॉयर म्हणतात त्याचा हा मराठी अवतार नव्हे. कॉयरमध्ये स्त्री-पुरुषांच्या आवाजांचे चार थर असतात, प्रत्येक थराची स्वरावली निराळी असते आणि त्यांच्या मिलाफातून संगीत उभे राहते. गोव्यातील चर्चमधून ही पद्धत मराठी मुलखाच्या शेजारी कित्येक पिढ्या नांदत आहे. सलील चौधरी यांनी पन्नासच्या दशकात मुंबईत उभारलेल्या 'बॉम्बे यूथ कॉयर'ने आणि रुमा गुहा ठाकुरता यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या 'कलकत्ता यूथ कॉयर'ने ती भारतीय भाषांतील गीतांना लावून पाहिली. मराठी कलापथकाची जात वेगळी. त्याचा पाया आहे 'झील'. गोंधळात, पोवाड्यात, तमाशात मुख्य गायक ओळ म्हणतो आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात. झीलकऱ्याचे काम सुशोभनाचे नसते. शाहिराला श्वास घ्यायला उसंत देणे आणि मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत शब्द पोहोचवणे, ही दोन कामे त्याला करावी लागतात. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात दुसरे काम अधिक महत्त्वाचे होते. दहा गळे एका स्वरात लागले की गॅसबत्तीच्या उजेडाच्या पलीकडे, अंधारात बसलेल्या माणसालाही शब्द कळत.

या परंपरेचे टप्पे ठळक आहेत. सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर १८९४ पासून पुण्यात मेळे निघू लागले आणि गणवेशातील मुलांनी एका सुरात पदे म्हणण्याची सवय शहरांना लागली. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्याच साच्यातून भटशाहीवर आणि सावकारीवर टीका केली. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी तिसाव्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला. १९३० च्या सविनय कायदेभंगात प्रभातफेऱ्या निघाल्या, त्यांत गाणाऱ्या मुलांची संख्या मोठी होती. या सर्व धाग्यांना एकत्र बांधणारी संस्था म्हणजे राष्ट्र सेवा दल. एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली ४ जून १९४१ रोजी पुण्यात सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. शाखांवर खेळ आणि कवायतीबरोबर गाणीही असत. त्या गाण्यांना पुढे रंगमंच मिळाला, आणि कलापथक जन्माला आले.

त्याच काळात डाव्या चळवळीतही गाणारी पथके निघाली होती. मुंबईत १९४३ मध्ये 'इप्टा'ची स्थापना झाली. बंगालच्या दुष्काळाची हकिगत गाण्यांतून सांगत विनय राय यांचे पथक मुंबईपर्यंत आले आणि त्याने दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमवला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात बेचाळीसच्या लढ्यावरून टोकाचे वैर होते. गाण्याच्या बाबतीत मात्र दोघांनी एकच वाट धरली. व्याख्यान ऐकायला जो येत नाही तो ढोलकी ऐकून येतो, हे दोघांनाही सारखेच उमगले होते.

अमळनेरपासून पंढरपूरपर्यंत

खान्देशाचा या इतिहासाशी असलेला संबंध साने गुरुजींपासून सुरू होतो. कोकणातील पालगडचे हे शिक्षक १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये रुजू झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेवर दिलेली अठरा प्रवचने गुरुजींनीच लिहून घेतली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा स्वयंसेवक मिळवण्यासाठी त्यांनी खान्देशातील खेडी पायाखाली घातली. त्यांची 'पत्री' ही कवितांची वही ब्रिटिश सरकारने जप्त केली होती, यावरूनच गाण्याच्या ताकदीचा अंदाज सरकारलाही होता असे म्हणता येईल.

अमळनेरच्याच एका शाळकरी मुलावर गुरुजींचा प्रभाव पडला. मूळचा वाईजवळच्या पसरणीचा हा मुलगा आजोळी शिकायला आला होता. घरच्यांना त्याचे गाणे पसंत नव्हते. पुढे तो 'महाराष्ट्र शाहीर' कृष्णराव साबळे म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांनी गायलेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीताला १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा दर्जा मिळाला. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेले हे गीत लोकांच्या कानांत आहे ते झीलकऱ्यांसह. एकट्याने म्हटले तर ते अपुरे वाटते.

गाणाऱ्या तरुणांच्या दौऱ्याची खरी कसोटी लागली ती १९४६-४७ मध्ये. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे यासाठी कार्तिकी एकादशीपासून उपोषण करण्याचे गुरुजींनी ठरवले. उपोषणाआधी लोकमत जागे करावे, त्यासाठी सहा महिने द्यावेत, असा आग्रह सेनापती बापट आदींनी धरला आणि गुरुजींनी तो मानला. मग महाराष्ट्रभर दौरा निघाला. सभेला गुरुजी बोलत आणि सेवा दलाची तरुण मुले गात. या दौऱ्यात गावोगावची मंदिरे आणि पाणवठे खुले झाले. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले आणि मंदिर खुले करण्याचा शब्द मिळाल्यावर १० मे रोजी ते सुटले.

खान्देशाला हा प्रश्न लांबचा नव्हता. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून आषाढीसाठी पंढरपूरला जाते. सर्वांत लांबचा पल्ला चालणाऱ्या पालख्यांत तिची गणना होते. ज्या गावांतून वारकरी दरवर्षी विठ्ठलाकडे निघत, त्याच गावांत वेशीबाहेरच्या वस्तीला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. तेथे जाऊन समतेचे गाणे म्हणणे ही केवळ सांस्कृतिक बाब राहत नाही.

दौरा आणि कार्यक्रम यांत फरक पडतो तो येथेच. शहरातल्या सभागृहात कोणी कोणत्याही विचारांचे गाणे म्हणावे, ऐकणारा टाळ्या वाजवून घरी जातो. खेड्यात पथक मुक्कामाला असते. गाणारी मुले कोणत्या जातीची, ती कोणाच्या ओसरीवर उतरली, एका पंगतीला बसली का, त्यांनी कोणत्या विहिरीचे पाणी प्यायले, मुली कोठे झोपल्या, याकडे साऱ्या गावाचे लक्ष असे. रात्रीच्या दोन तासांच्या गाण्याची तपासणी दिवसभराच्या वागण्यातून होत असे. गाण्यात जे सांगितले ते जेवताना पाळले नाही तर सकाळी गाव हसणार, हे उघड होते. म्हणून कलापथकाच्या यशाचे माप गळ्यांवरून काढणे पुरेसे ठरत नाही. उत्तम आवाजांची मंडळी त्या काळी नाटक कंपन्यांतही होती. अनोळखी गावात, वेगवेगळ्या जातींच्या तरुण मुला-मुलींनी एकत्र राहून दाखवणे, हे काम नाटक कंपनीने अंगावर घेतले नव्हते.

मुलींचा प्रश्न तर अधिकच नाजूक होता. तमाशाच्या बोर्डावर उभी राहणारी स्त्री समाजाच्या दृष्टीने ठरावीक जातींतलीच असायची. पांढरपेशा घरातील मुलगी ढोलकीच्या तालावर गाते, नाचते आणि मुलांबरोबर परगावी मुक्कामाला जाते, ही कल्पना चाळीसच्या दशकातील आई-वडिलांना पचणे कठीण होते. सेवा दलाने तमाशाचा साचा घेतला. गण, बतावणी, वग ठेवले, शृंगाराचा भाग वगळला. यातून तमाशाची काहीशी सोवळी आवृत्ती तयार झाली, असा आक्षेप घेता येतो आणि त्यात तथ्य आहे. ज्या कलावंतांकडून हा साचा उचलला त्यांची उपेक्षा त्यामुळे कमी झाली नाही. पण मध्यमवर्गीय मुलींना रंगमंचाचे दार उघडले ते याच सोवळेपणामुळे, हेही नाकारता येत नाही.

पेटी, डफ आणि वेळापत्रक

दौऱ्याची तांत्रिक बाजू फारशी लिहिली गेलेली नाही, वास्तविक ती रंजक आहे. कलापथकातील मंडळी पोटापाण्यासाठी गाणारी नव्हती. कोणी विद्यार्थी, कोणी शिक्षक, कोणी कारकून. साहजिकच मोठे दौरे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवावे लागत. मुंबई-पुण्याहून रेल्वेने धुळ्याला यायचे तर चाळीसगावला गाडी बदलण्यावाचून गत्यंतर नसे. १९०० मध्ये सुरू झालेला चाळीसगाव-धुळे हा फाटा धुळ्यालाच संपतो. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर, त्यामुळे तेथे जायचे तर वाट निराळी. रस्त्याने आले तर मुंबई-आग्रा मार्ग धुळ्यातून पांझरा ओलांडून देवपुरात शिरतो आणि नरडाण्यावरून, तापी ओलांडून शिरपूरकडे जातो. धुळे ते शिरपूर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. पेटी, ढोलक्या, पडदे आणि कपड्यांच्या ट्रंका घेऊन वीस-पंचवीस जण निघाले म्हणजे एवढ्या अंतरालाही अर्धा दिवस जाई.

वाद्यांचा स्वभाव हवेप्रमाणे बदलतो. डफ आणि हलगी दमट हवेत सैल पडतात, म्हणून वाजवण्यापूर्वी ती शेकोटीवर शेकून घ्यावी लागतात. ढोलकीची शाईची बाजू स्वरात आणायची तर कातडे ताणावे लागते. कोकणातून आलेली ढोलकी खान्देशच्या कोरड्या हवेत चढून बसते, आणि कार्यक्रमाच्या आधी तासभर तिच्याशी झटावे लागते. गळ्यांचे गणितही सोपे नसते. पुरुषांचा सोयीचा स्वर साधारण काळी एक किंवा दोन, स्त्रियांचा काळी चार-पाच. सर्वांनी एकाच पट्टीत, एकाच चालीत गायचे म्हणजे कोणाला तरी तडजोड करणे भाग असते. शाहिरी गायकी मुळात चढ्या पट्टीची, म्हणून पुरुषांनी वर चढायचे हा मार्ग बहुधा निघतो. सलग आठ दिवस रात्री असे गायल्यावर नवव्या दिवशी कोणाचा आवाज शिल्लक राहील, हे पाहूनच मुख्य गायकांच्या पाळ्या लावाव्या लागतात. झीलकरी असण्याचा आणखी एक लाभ येथे कळतो. पहिल्या फळीतला आवाज बसला तर मागचा पुढे येऊ शकतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दिवसा कार्यक्रम करणे अशक्यच. पण याच उकाड्यामुळे खान्देशातील माणसे रात्री अंगणात, गच्चीवर, ओट्यावर असतात, उशिरापर्यंत जागी असतात. कलापथकाला हवा असणारा श्रोता घराबाहेरच बसलेला असे. शिवाय या मुलखाला रात्रीच्या सामूहिक गाण्याची सवय होती. कानबाईच्या उत्सवातील गाणी, डफावरचे वहीगायन, आखाजीला झोक्यावर मुलींनी म्हटलेली गाणी, चैत्रात देवपूरच्या एकवीरा देवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा आणि खान्देशी तमाशाचे फड हा सगळा खान्देशचा कान तयार करणारा पसारा. बाहेरून आलेल्या पथकाची भाषा प्रमाण मराठी आणि श्रोत्यांची अहिराणी, ही अडचण होती. लोकनाट्यातील बतावणी लवचीक असते, तिच्यात गावचे नाव, गावचा सावकार, यंदाचा कापसाचा भाव घालता येतो, ही त्यावरची तोड. ठरलेल्या शब्दांच्या गाण्याला ही सोय नाही, म्हणूनच कदाचित कलापथकांच्या कार्यक्रमात गाण्यांच्या जोडीला लोकनाट्य आले आणि टिकले.

शिरपूरची मुलगी

स्वातंत्र्यानंतर कलापथकाला बहर आला. कवी वसंत बापट त्याचे प्रमुख गीतकार आणि संघटक. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' अशा कार्यक्रमांतून निरनिराळ्या प्रदेशांची गाणी आणि नृत्ये एका सूत्रात गुंफली गेली. साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेचे ते रंगमंचीय रूप होते. लीलाधर हेगडे यांच्यासारखे शाहीर, सुधा वर्दे यांच्यासारख्या नृत्यनिपुण कार्यकर्त्या या पथकात होत्या. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य सेवा दलाच्या कलापथकासाठीच लिहिले गेले. पुण्याच्या पथकातून निळू फुले आणि राम नगरकर पुढे आले. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी निळूभाऊंचे 'येरा गबाळ्याचे काम नोहे' गाजले. दादा कोंडके यांचीही सुरुवात सेवा दलाच्याच पथकातून झाली. मराठी चित्रपटाला आणि लोकनाट्याला इतके कलावंत एका बिनपगारी पथकाने द्यावेत, ही नवलाची गोष्ट खरी. त्यामागे अवघड काही नाही. रोज नवे गाव, नवा श्रोता आणि बिघडलेली ढोलकी, अशी शाळा नाट्यशिक्षणाच्या संस्थेत मिळत नाही.

या परंपरेत खान्देशाचे आणखी एक नाव आहे. शिरपूरचे समाजवादी कार्यकर्ते आणि पुढे राज्यात मंत्री झालेले शिवाजीराव गिरधर पाटील आणि विद्याताई पाटील यांची मुलगी स्मिता सेवा दलाच्या संस्कारात वाढली आणि कलापथकात सहभागी झाली. अभिनयाचे औपचारिक शिक्षण न घेतलेली ही मुलगी पुढे 'मंथन' (१९७६), 'भूमिका' (१९७७) आणि 'जैत रे जैत' (१९७७) मधून देशाला माहीत झाली. 'जैत रे जैत' तर जवळजवळ समूहगानाचाच चित्रपट. ठाकरांच्या वस्तीत गाणाऱ्या घोळक्यातून वावरताना तिच्या देहबोलीत जो सहजपणा दिसतो, त्याचे मूळ लहानपणीच्या कलापथकात शोधले तर ते वावगे ठरू नये. सुधा वर्दे यांची कन्या, ओडिसी नृत्यांगना झेलम परांजपे आणि स्मिता यांची मैत्रीही याच वर्तुळातली. स्मिताचे १३ डिसेंबर १९८६ रोजी निधन झाले. पुढे झेलम यांनी आपल्या नृत्यसंस्थेला नाव दिले 'स्मितालय'.

ओसरी लागण्याची कारणे

सत्तरच्या दशकानंतर दौरे कमी होत गेले. आणीबाणी, मग समाजवादी पक्षाचे विलीनीकरण आणि फाटाफूट यांनी संघटनेचे बळ कमी केले, हे एक कारण. दूरदर्शन आणि नंतरच्या वाहिन्यांनी रात्रीचा श्रोता घरात नेला, हे दुसरे. मात्र तिसरे कारण अधिक खोलवरचे दिसते. समूहगान शाळांनी स्वीकारले, आणि स्वीकारताना त्याचा प्रवास काढून घेतला. वसंत देसाई यांनी 'एक सूर एक ताल' या उपक्रमातून हजारो शाळकरी मुलांना एका स्वरात गायला लावले, ते काम थोर होते. पण तेथे मुले मैदानावर जमत आणि गाऊन घरी जात. आंतरशालेय स्पर्धांत तर मैदानही उरले नाही. २००८-०९ मध्ये 'सा रे ग म प'च्या 'लिटिल चॅम्प्स'ने महाराष्ट्राला वेड लावले, तेव्हा गाणारे मूल एकटे उभे होते आणि श्रोते त्याला एसेमेसने मते पाठवीत होते. त्या मुलांचे गाणे अव्वल होते यात शंका नाही. झीलकऱ्याला मात्र त्या मंचावर जागा नव्हती.

आजही सेवा दल आणि अन्य संघटनांची कलापथके आहेत, पथनाट्ये होतात, शाहिरी गटही फिरतात. मुक्कामी दौरे विरळ. पालकांची संमती, परीक्षा आणि प्रवेश परीक्षांचे वेळापत्रक, मुलींच्या सुरक्षिततेची काळजी, ही कारणे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. त्यातच २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिवर्धक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. नियम रास्त आहे. मे महिन्यात धुळ्यात सूर्य मावळतो सातच्या सुमारास, आणि अंगण निवायला आणखी तास-दीड तास लागतो. त्यानंतर पथकाच्या हाती उरतो तो दीड तास. त्यापुढे गायचे तर ध्वनिवर्धकाशिवाय, झीलकऱ्यांच्या भरवशावर.